तिघांचा फोटो

आईच्या दहाव्याला लावायला घरात तिचा फोटो सापडेना. घरात फोटोंनी भरलेली ट्रंक, आणि त्यात आई नाही! बाबांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

माझे बाबा मोतीराम एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. नाद एकच, फोटोंचा. आदल्या वर्षी कन्याकुमारीला जायचं ठरलं तेव्हा लेन्स घ्यायला त्यांनी सगळ्यांना गंगापूर रोडच्या दुकानात नेलं. दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या, एक जवळचं टिपणारी, एक लांबचं. बाबांचा डोळा तिसरीवर. जवळचं, लांबचं, सगळं एकीतच.

"ही नका घेऊ साहेब. सगळं मावेल अशी फिरवली की कडेचं धूसर येतं."

"कडेला कोण असतंय?" बाबा हसले.

आई म्हणाली, "एकच घ्या. दोन घेतल्या तर ओझं मलाच वाहायचंय." झालं, एकच घेतली.

प्रवासात कॅमेरा बाबांकडे. ते तो कुणाच्या हाती देत नसत. उरलो मी, धाकटा कुंदन आणि आई. आणि तिघांचा फोटो काढू नये, मधलं जातं, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बॅग खांद्याला अडकवून ती बाजूला व्हायची.

"आई, कुठल्या जमान्यात आहेस गं?" मी चिडायचे.

"माझी लेकरं हायेत. मला नाय असली परीक्षा बघायची."

पूर्वी बाबा निदान तिला हाताला धरून ओढायचे, ती हात सोडवून पळायची ते वेगळं. आता जागेवरूनच लेन्स फिरवली की आई चौकटीबाहेर. त्यांना सोयीचंच झालं.

पुढच्या थंडीत तिला ताप आला आणि पाहता पाहता ती गेली.

लग्नातल्या फोटोत मुंडावळ्या बांधून मान खाली घातलेली एक पोर होती. ती आमची आई नव्हती. शेवटी ट्रंकेच्या तळाशी एक सापडला. समुद्रापुढे मी, शेजारी कुंदन, आणि पार उजव्या कडेला आई. तिला वाटलं होतं आपण बाहेर आहोत, पण बाबा त्या वेळी लेन्स फिरवायला विसरले होते. तेवढी आई मोठी करून आणायला ते त्याच दुकानात गेले. "याहून स्पष्ट नाही येणार," दुकानदार म्हणाला. मागचं काही उकरलं नाही, हा त्याचा भलेपणा.

गोदाकाठी दहाव्याला हार घातला, तरी त्या फोटोत नाक-डोळे ओळखू येईनात. खांद्यावरचा बॅगेचा पट्टा तेवढा दिसत होता.

रंगूमावशीने कुठला फोटो ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. "तिला लय भ्या होतं गं तिघांचं. निघालाच शेवटी."

मी तडकलेच. "मधलं जातं म्हणता ना मावशी? मधे कुंदन होता. आई कडेला होती."

मग बाबा फोटोकडे बघत म्हणाले, "त्या दुकानात मीच म्हणलो होतो. कडेला कोण असतंय."