त्र्यंबकरावांच्या डोक्यावरचे आठ दिवस

घाबरू नका, बोलतंय ते हेल्मेटच आहे. आणि वास येतोय तोही माझाच. स्कूटरवाल्या हेल्मेटांशी माझी गल्लत करू नका, ती बिचारी आयुष्यभर पडायची वाट बघतात. मी अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट आहे. माझ्याकडे दर रविवारी शंभर दणके ठरलेले असायचे.

माझा जन्म साच्यात झाला. बारशाला कोणी नव्हतं. कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या आत हवेच्या गाद्या बसवल्या, तोंडावर लोखंडी जाळी लावली आणि मला एका यंत्राच्या हवाली केलं. यंत्राने टाळक्यात दणादण हातोडे घातले. मी फुटलो नाही म्हणून आत एक शिक्का मारला: पास.

तिथून मी आलो ॲरिझोनात, चँडलरला. आमचा संघ चँडलर जॅकरॅबिट्स. जॅकरॅबिट म्हणजे वाळवंटातला लांब कानांचा ससा. एकशे चाळीस किलोच्या माणसांना सशाचं नाव ठेवणाऱ्याची मला भेट घ्यायची आहे. संघ व्यावसायिक खरा, पण लहान लीगमधला. त्यामुळे रविवारी डरकाळ्या फोडणारे आमचे ससे सोमवारी सकाळी ट्रक चालवायला जातात.

डोक्यावर बसलं की माणूस आतून कळतो. माझा पहिला मालक मैदानावर शिव्यांची लाखोली वाहायचा आणि जाळीमागे हळूच आईचं नाव घ्यायचा. दुसरा खेळ सुरू असताना जेवायला काय करायचं याचा विचार करायचा. दोघेही गेले. माझं माप मध्यम, आणि या धंद्यात मध्यम डोक्याला कोण विचारतो! मी वरच्या फळीवर गेलो आणि तीन वर्षं धूळ खात पडलो.

तिथून मला खाली काढलं अनिकाने, चार वर्षांपूर्वी कामावर आल्या आल्या, आणि माझ्या मापाचं डोकं नसलं तरी मला रोज पुसू लागली. ती आमच्या संघाची इक्विपमेंट मॅनेजर, वय सत्तावीस. हेल्मेटं पुसणं, गाद्यांत हवा भरणं, तुटलेले पट्टे बदलणं, पन्नास जोडी घामट मोजे धुणं, हे सगळं तिचं राज्य. प्रत्येक हेल्मेट ती नाकाशी धरून हुंगायची आणि सांगायची, कोणाच्या गादीला बुरशी धरतेय. तिचं नाक कधी चुकलं नाही. डॉक्टरकीला प्रवेश मिळत असताना तो सोडून ती इथे आली होती. का, असं विचारलं की म्हणायची, "बिकॉज आय ॲम गुड ॲट इट."

तिचे बाबा त्र्यंबकराव. मूळचे अकोल्याचे. चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत एकतीस वर्षं इंजिनिअर होते, आता निवृत्त. हौस लिखाणाची. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी त्यांचा खेळावर एक लेख असायचा. सगळे लेख सोफ्यावर बसून लिहिलेले. गेल्या वर्षी संपादिका सुनेत्राताईंनी तो परत पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, "लेख छान, पण यात घाम कुठे आहे?"

ही ओळ त्र्यंबकरावांना लागली. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की आपण स्वतः खऱ्या संघात खेळून लिहायचं. संघाच्या मालकाला तेवढीच प्रसिद्धी हवी होती. आठ दिवस सराव आणि शेवटी लोकांसमोरच्या सराव सामन्यात एक डाव, असं ठरलं. मुलगी चार वर्षं जिथे काम करत होती तिथे हे गृहस्थ पहिल्यांदा पाऊल टाकत होते, तेही लेखासाठी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मला राग आला होता.

सगळ्या संघात मध्यम डोकं त्यांचं एकच होतं, म्हणून मला बोलावणं आलं.

अनिकाने मला त्यांच्या डोक्यावर बसवलं. पंपाने गाद्या फुगवल्या, कपाळाशी दोन बोटं घालून पाहिली.

"टोचतंय का कुठे?"

"कानाला."

"दॅट्स नॉर्मल. कान बारीक करता येत नाहीत, बाबा."

मग पट्टा लावता लावता, माझ्याकडेच बघत तिने विचारलं, "लेखात तू माझ्याबद्दल लिहिणार? आय मीन, मी ॲक्च्युअली काय करते ते?"

"लिहीन ना. माझी मुलगी टीमच्या मॅनेजमेंटमध्ये आहे, असं."

हनुवटीचा पट्टा तिने एक घर जास्त आवळला. बरं केलं.

कारण खरी गोष्ट मला त्या डोक्यात शिरल्यावर कळली. मंडळात कोणी विचारलं, "अनिका काय करते हल्ली?" की हे चार वर्षं 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट' एवढंच म्हणून विषय बदलत होते. कोणाची मुलगी हृदयाची डॉक्टर, कोणाचा मुलगा वकील, आणि आपली मोजे धुते, हे त्यांच्या जिभेवर येतच नव्हतं. अनिकाला ते माहीत होतं. तिला दुसरं काही नको होतं. आपलं काम बाबांनी एकदा त्याच्या नावाने चारचौघांत सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी त्र्यंबकराव धावले आणि मी नाकावर आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीच्या शिडीतून उड्या मारल्या आणि शिडीच सोबत घेऊन गेले. मोज्यात खोचलेली वही ते दर दहा मिनिटांनी काढायचे. कोच ओरडायचा, "त्र्यंबक, आर यू प्लेइंग ऑर टेकिंग मिनिट्स?" आमचा सर्वांत दांडगा खेळाडू टायरेल त्यांना 'अंकल टी' म्हणायचा. उल्काकाकूंनी, म्हणजे अनिकाच्या आईने, मीठ घातलेलं लिंबाचं सरबत पाठवलं होतं. त्यातलं अर्धं टायरेलनेच संपवलं.

एक खोड मात्र कोणालाच कळेना. सरावात त्यांचा पाय चुकून कोणाला लागला, की हे थांबायचे, वाकून त्या माणसाला हात लावायचे आणि हात छातीशी न्यायचे. चेंडूला पाय लागला तर चेंडूलाही. फुटबॉलमध्ये पाय लागणार नाही तर काय लागणार! कोचने अनिकाला विचारलं, याला पाठीचं दुखणं आहे का. ती म्हणाली, "नो, कोच. दॅट्स हिज अपब्रिंगिंग."

त्यांना दिलेलं काम सोपं होतं. एका गुडघ्यावर बसायचं, पुढच्याने पायांमधून मागे फेकलेला चेंडू झेलायचा, जमिनीवर उभा धरायचा, म्हणजे तिसरा येऊन त्याला लाथ मारील. फक्त बोट वेळेवर काढायचं.

शनिवारी मंडळाची पन्नास माणसं सराव सामना बघायला आली. आमचं मैदान छताखालचं, त्यामुळे एसीच्या थंडीने मंडळातल्या काकूंनी शाली घेतल्या. चिवड्याचे डबे उघडले. कोणीतरी विचारत होतं, "यात ओव्हर किती असतात?" सुनेत्राताई पहिल्या रांगेत, पेन घेऊन.

त्र्यंबकराव मैदानात आले तेव्हा माझ्या आत नुसता घामाचा पूर आला होता. त्यांच्या तोंडून भीमरूपी चालू होतं आणि मधेच दुसरं कडवं राहून गेलं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते.

चेंडू आला तो डोक्यावरून. कसे कोण जाणे, त्यांनी तो झेलला. लाथ मारायची वेळ निघून गेली होती. आपले सगळे ओरडले, "रन!" समोरून टायरेल झेपावला, सामन्यासाठी संघाचेच दोन भाग केले होते आणि तो आज विरुद्ध बाजूला होता. घाबरून हे बाजूला सरकले आणि टायरेल पालथा पडला. पुढे रान मोकळं. पाच पावलांवर रेघ. ती ओलांडली की गुण, टाळ्या आणि जन्मभर पुरेल असा लेख. मीसुद्धा भान विसरलो. पळा, त्र्यंबकराव, पळा!

त्यांनी टायरेलवरून उडी मारली आणि बुटाचं टोक त्याच्या पाठीला लागलं.

झालं. गृहस्थ थांबले. वळले. चेंडू काखेत धरून वाकले, टायरेलच्या खांद्याला हात लावला आणि या वेळी हात थेट कपाळाला न्यायला गेले तो माझ्या जाळीवर आपटला.

खेळाडूंना वाटलं, हा काहीतरी डावपेच आहे. फक्त त्या पन्नास जणांना कळलं काय चाललंय, आणि पन्नास घशांतून एकच हाक आली, "अहो त्र्यंबकराव, नंतर करा!"

नंतर नव्हतं. मागून दुसरा ससा आला, एकशे वीस किलोचा. तो दणका मी माझ्या डाव्या कानशिलावर घेतला. काड्कन आवाज झाला. तो माझा होता, त्यांच्या डोक्याचा नव्हे, हे मी अभिमानाने सांगतो. आम्ही रेघेच्या वीतभर अलीकडे पडलो.

सर्वांत आधी धावत आली अनिका. डॉक्टर येईपर्यंत तिने मला हलू दिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता. त्र्यंबकराव म्हणाले, "शनिवार. एकादशी." डॉक्टर अनिकाकडे बघायला लागले. ती म्हणाली, "ही इज फाइन." मग तिने मला हळूच काढलं, बोट फिरवून तडा शोधला आणि बाबांच्या सुटलेल्या बुटाची नाडी बांधायला गुडघ्यावर बसली.

एव्हाना सुनेत्राताई कठड्याशी आल्या होत्या. "अय्या, ही अनिका ना? तू इथे काय करतेस गं?"

अनिकाने बाबांकडे पाहिलं. मीही तिच्या काखेतून पाहिलं.

त्र्यंबकराव म्हणाले, "ती... मॅनेजमेंटमध्ये आहे."

नाडी बांधून झाली. अनिका उठली आणि मला घेऊन निघून गेली. तो तडा मला तेव्हा दुखला.

तडा गेलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही असा नियम आहे. दोन दिवसांनी तिने मला आईवडिलांच्या घरी आणून टेबलावर ठेवलं. "क्रॅक्ड आहे. लेखासाठी ठेव," एवढं म्हणाली आणि चहासुद्धा न घेता गेली. उल्काकाकूंनी नवऱ्याकडे असं बघितलं की मला माझी जाळी बरी वाटली.

आता लेख. पहिल्या खर्ड्यात टायरेल दोनशे किलोचा झाला. दुसऱ्यात रेघ वीतभरावरून बोटभरावर आली. तिसऱ्यात ते अडले. 'मला ज्या हेल्मेटने वाचवलं ते...' इथे येऊन थांबले. मला उलटं केलं, आत डोकावले, गादी दाबली, वास घेतला आणि ठसकले. एकतीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला कळेना की ही हवा नेमकी किती भरायची हे ठरवतात कसं, आणि कानाशी टोचलं तरी कपाळाशी दोन बोटं का घालून बघतात. त्यांनी फोन उचलला.

"अनिका, तुझ्याकडे एक दिवस येऊ का? खेळायला नाही. कामाला."

ती म्हणाली, "सिक्स ए.एम. अँड नो नोटबुक."

त्या दिवशी मी तिथे नव्हतो. पण संध्याकाळी परतले ते त्र्यंबकराव निराळेच होते. बोटांची सालं निघालेली, शर्टाला साबणाचा फेस, आणि जेवताना बोलणं थांबेना. "उल्का, तिने हेल्मेट नुसतं हुंगलं आणि सांगितलं की आतून कुजतंय. मी गादी काढून पाहिलं तर खरंच! तिथे दीडशे किलोचे पुरुष तिच्यापुढे रांगेत उभे असतात गं, डोकं खाली घालून. तिने हो म्हटल्याशिवाय एकही मैदानात जात नाही." बोलता बोलता त्यांचा घास हातातच राहिला. "आणि मी लोकांना काय सांगत होतो?"

"ते मला माहितीये. आता तिला सांगा," उल्काकाकू म्हणाल्या आणि त्यांना आणखी वरण वाढलं.

लेख पुन्हा पहिल्यापासून लिहिला गेला. त्यात पाच पावलांची धाव चार ओळींत संपते. बाकी सगळी आमची हेल्मेटांची खोली आहे. मोजेसुद्धा आहेत, आकड्यासकट.

ऑक्टोबरमध्ये अंक छापून आला. अनिकाला मराठी कळतं, वाचता येत नाही. म्हणून तिला समोर बसवून त्र्यंबकरावांनी लेख मोठ्याने वाचला. ती सवयीने मला मांडीवर घेऊन बाहीने पुसत होती. मधेमधे हसत होती, एकदा "रॉन्ग, दॅट्स अ डिफरंट स्क्रू" म्हणाली.

लेख संपला. ती म्हणाली, "खाली छोटं काय लिहिलंय?"

"तो लेखकाचा परिचय." त्यांनी चष्मा पुसला. "त्र्यंबक देशमुख. चँडलर जॅकरॅबिट्स संघाची हेल्मेटं सांभाळणाऱ्या अनिका देशमुख यांचे वडील."

"अँड? इंजिनिअरिंग? थर्टी-वन इयर्स?"

"दोनच ओळींची जागा होती."

अनिकाचा हात थांबला. "पुन्हा वाच," ती म्हणाली. त्यांनी वाचलं. "वन्स मोअर." तिसऱ्यांदा त्यांनी अंक न बघताच म्हटलं, तेव्हा तिने मला उचललं आणि आपल्या डोक्यावर चढवून जाळीमागे तोंड लपवलं. इतकी वर्षं हजारदा हातात घेतलं, पण तिने मला कधी घातलं नव्हतं. ती रडत होती आणि फार खूश होती. माझ्या सगळ्या गाद्या ओल्या झाल्या.

आता मी इथेच कपाटावर असतो. तडा तसाच आहे, काम काही नाही, आणि तक्रारही नाही. दिवाळीला घर आवराल तेव्हा एवढीच विनंती आहे, मला आतून पुसू नका.