राहीबाईचा पुढचा दात

सेजलनं आईला अट घातली ती फोनवर. समोर घातली असती तर राहीबाईनं पदर खोचून तिथल्या तिथं निकाल लावला असता.

"पहिलं बाळंतपण माहेरी, मला मान्य आहे. पण तुझी मिश्री सुटली तरच. तसल्या तंबाखूच्या तोंडानं माझ्या बाळाचे मुके घ्यायचे नाहीत."

पोलादपूरजवळ आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या राहीबाईच्या वाडीत पहिलटकरीण माहेरी आली नाही तर कुणी टाकून बोलत नाही. नुसतं विचारतात, "लेकीला कधी आणतेस गो?" आणि रोज विचारतात.

राहीबाईनं मिश्री सोडली. खरोखर सोडली, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं कुणाचाच विश्वास बसायचा नाही. सुरुवातीला ती चुलीशी, कोंबड्यांशी आणि नवऱ्याशी सारख्याच जोरानं भांडली. पोट साफ होईना, डोकं ठणकू लागलं. पण मिश्रीची डबी तिनं शेणकीच्या खड्ड्यात फेकली ती फेकलीच.

अडचण एवढीच की मिश्री सुटली तरी दात काळेच राहिले. लग्नापासूनची पुटं ती, एका नवसानं कशी जाणार? शेजारची येसूबाई म्हणाली, "आधी आरशात बघ, मंग सांग सोडली म्हणून."

तेव्हा मुंबईच्या किशोरनं, म्हणजे थोरल्या मुलानं, घरबसल्या दात पांढरे करायचं सामान पाठवलं. प्लास्टिकचे दोन साचे आणि औषधाच्या नळ्या. साच्यात औषध भरायचं आणि तो दातांवर चढवून गप्प बसायचं. राहीबाई त्याला दातांचं टोपडं म्हणे. दुपारी टोपडं घालून ती तांदूळ निवडत बसली की तिला बोलता येत नसे. पांडूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे औषध फार मानवलं. "डबल डोस घेत जा," तो म्हणाला.

हळूहळू दात उजळले. दुधासारखे नाहीत, पण ताकासारखे म्हणायला हरकत नव्हती. फक्त पुढचा एक दात अर्धा होता तसा राहिला. नुसता राहिला नाही, बाकीचे उजळले तसा तो अर्धा दात जास्तच काळा दिसू लागला. पांढऱ्या कोंबड्यांत एखादा कावळा बसावा तसा.

हा दात गेल्या वर्षी सुपारी फोडताना तुटला होता आणि महाडच्या डॉक्टर प्रियदर्शिनींनी भरून दिला होता. राहीबाई तणतणत त्यांच्याकडे गेली.

"तुमचा मसाला काळा पडला, डॉक्टरीणबाय!"

डॉक्टरांनी दिवा ओढून बघितलं. "मसाला आहे तसाच आहे. बदललेत ते तुमचे दात. हे औषध खऱ्या दाताचा रंग उतरवतं, भरलेल्या सिमेंटचा नाही. आणि आधी दात साफ करून घेऊ म्हटलं, तर तेव्हा काय म्हणालात?"

साफ केलं की दात खिळखिळे होतात, असं राहीबाई म्हणाली होती; वाडीत सगळेच म्हणतात. मग डॉक्टरांनी त्या काळ्या दाताला जुळेल असाच रंग शोधून भरला होता. इतका बेमालूम की नकली दात कुठला ते ओळखायला लावून राहीबाई बायकांना हरवत असे.

"मंग आज नवा भरा."

"आज नाही. ताज्या औषधावर नवं सिमेंट नीट धरत नाही. दोनेक आठवडे जाऊ देत."

"उद्या डोहाळजेवण हाय लेकीचं!"

"मग हसू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हिरड्या किती लाल केल्यात! विचारायचं तरी आधी."

डोहाळजेवण महाडलाच, सेजलच्या सासरी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन वाडीला परतायचं ठरलं होतं. राहीबाई तोंडाला पदर लावून बसली. पण बायकांनी एकमेकींच्या नवऱ्यांची नावं घेऊन अशी काही धमाल उडवली की तिला हसू फुटलंच.

"अगो बाय! विहीणबाय एकाच दाताला लावतात मिश्री!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा ओटा हसला. सेजल तेवढी हसली नाही.

"तो सिमेंटचा हाय गो," राहीबाई म्हणाली. "डॉक्टरीणबायला विचार."

"मी काही विचारत नाही. तू उद्या एकटीच जा, आई."

रात्री राहीबाई तिथंच राहिली. पहाट फुटली तशी ती परसात तोंड धुवायला गेली. दगडावर सेजलची सासू, जानकीबाई, ऐसपैस बसली होती. तिच्या तळहातावर ताजी भाजलेली मिश्री होती. राहीबाई बघत राहिली. या घरात रोज सकाळी डबी उघडत होती, बाळाचे मुके ही बाईही घेणार होती, आणि अट मात्र महाडहून वाडीपर्यंत तिच्याकडेच आली होती. पण असंच असतं. अट घालायला हक्काचं माणूस लागतं.

"घ्या चिमूटभर," जानकीबाई मायेनं म्हणाली. "कोण बघत नाय. काल मन दुखलं असंल तुमचं."

मिश्रीचा तो खरपूस वास आला आणि राहीबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. चिमूट तिच्या बोटांत आलीसुद्धा. तोंडाजवळ गेली. मग तिनं बोटं झटकली आणि चूळ भरली.

"नको. सोडली मी."

हे मनानं म्हटलं की चुरचुरणाऱ्या हिरड्यांनी, याचा हिशेब तिनं पुढंही कधी मांडला नाही.

मागं दाराशी सेजल उभी होती, केस मोकळे, हात पोटावर. सासूनं डबी घाईघाईनं पदराखाली घेतली. सेजलनं तिकडं पाहिलं नाही. पाहून उपयोगही नव्हता.

"आई," ती म्हणाली, "पोलादपूरची गाडी किती वाजताची? माझी बॅग भरायची आहे अजून."

"आठची हाय," राहीबाई म्हणाली, आणि दाताचं भान न ठेवता तोंडभर हसली.

जानकीबाईनं नीट निरखून पाहिलं. "तेवढा तो दात बदलून घ्या हो विहीणबाय," ती म्हणाली. "बारशाला फोटो काढतील."