बंद खोलीतलं दैवी पत्र

पिरंगुटजवळच्या भरे गावात वेदांतच्या अंगणात चपलांचा खच पडला होता. ओसरीवर नरहरी महाराज डोळे मिटून बसले होते आणि मागच्या कुलूपबंद खोलीत म्हणे देव पत्र लिहीत होता.

शाइस्ता पिरंगुटच्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून कागदांचा गठ्ठा पोचवायला आली होती. त्या खोलीतला प्रिंटर तिनंच विकलेला. देवालाही तोच लागतो हे बघून तिला हसू आवरेना.

"निघालंय... वैकुंठाहून निघालंय..." महाराज घोगऱ्या आवाजात म्हणाले. खोलीत घरघर झाली. वेदांतनं कुलूप काढून कागद आणला आणि मोठ्यानं वाचला. 'साळू, सुई सोड. मी आहे.'

साळूबाई, म्हणजे वेदांतची आई, मधुमेहानं बेजार. अशाच पहिल्या पत्रानंतर चार दिवस तिचं इन्सुलिन बंद होतं. भिंतीला टेकून ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. शाइस्ताचं हसू मावळलं.

"काकू, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"द्येवानं नगं म्हनलंय, पोरी."

वेदांत हिंजवडीतला इंजिनिअर, घरून काम करणारा. तो म्हणाला, "मी सगळं तपासलंय. माझ्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन चालू असतं. बाहेरून कुणी घुसूच शकत नाही."

"बाहेरून घुसलं असं म्हणतंय कोण? व्हीपीएन फक्त तुझ्या लॅपटॉपचा मजकूर बंद पाकिटातून ऑफिसला नेतं. प्रिंटरचा त्याच्याशी संबंध नाही. तो घरच्या वायफायवर आहे, आणि त्या वायफायवरचा कुठलाही मोबाइल त्याला छापायला लावू शकतो. पासवर्ड कुणाला दिलायस?"

वेदांत घुटमळला. "राजूला. महाराजांच्या शिष्याला. प्रवचन लाइव्ह दाखवायचं होतं."

राजूनं हातातला मोबाइल गुपचूप खिशात सारला.

शाइस्तानं पासवर्ड मागून घेतला, खोलीला पुन्हा कुलूप लावायला सांगितलं आणि अंगणात उभं राहून आपल्या मोबाइलवर बोट टेकवलं. आत घरघर झाली. या वेळी कागदावर होतं, 'साळूकाकू, सुई घ्या. शाइस्ता.'

"ही नक्कल आहे," महाराज गरजले. "अस्सल पत्र वेगळं असतं."

"मग आणा अस्सल. वेदांत, पासवर्ड बदल."

पासवर्ड बदलला. महाराजांनी मंत्र म्हटले, भस्म उधळलं, घाम पुसला. अर्धा तास गेला तरी प्रिंटर गप्पच. वातावरण अपवित्र झाल्याचं निदान त्यांनी केलं, तेव्हा म्हातारा कुशाबा शांतपणे म्हणाला, "म्हाराज, द्येवाला पासवर्ड कशापाई लागतुया?"

गुरुशिष्य चपला शोधू लागले. लोकांनी त्यांना पोलीस येईपर्यंत बसवून ठेवलं.

दवाखान्यात साळूबाईची साखर पाचशेच्या वर निघाली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. वेदांत मान खाली घालून उभा होता.

"मी इंजिनिअर असून फसलो," तो म्हणाला.

"ऑफिसात काही बिघडलं की कारण शोधतोस ना?" शाइस्ता म्हणाली. "तेच घरीही करायचं. कारण सापडेपर्यंत हात जोडायचे नाहीत, आणि औषध तर कुणाच्याही चिठ्ठीवरून बंद करायचं नाही."