सुनेच्या भारोभार

सिद्धलिंगअप्पांनी नवस काय गाभाऱ्यात हळूच बोलला होता? छे! सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली, उमरग्याच्या वाटेवरलं ते सगळं गाव सिद्धेश्वराच्या देवळापुढं जमलेलं, आणि पोटुशी सून शेजारी उभी. अप्पा छाती फुगवून गरजले, "नातू झाला तर सुनेच्या भारोभार गूळ वाटीन!" सून शिवकांता अंगानं चांगली भरलेली, माहेरच्या दुधातुपावर वाढलेली. गावानं टाळ्या पिटल्या. अप्पा चेअरमन झाले.

नातूही झाला. पण त्याच साली पावसानं तोंड काळं केलं. ऊस उभ्या जागी वाळला, आणि अप्पांच्या दुकानात रचलेल्या गुळाच्या ढेपांना सोन्याचं मोल आलं. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायचं आणि येता-जाता दुकानापाशी थांबून विचारायचं, "अप्पा, नवस कवा फेडताय?"

"फेडू की, अमावास्येला," असं म्हणत अप्पा सुनेकडं बघायचे. नवसाला नाही म्हणायची छाती नव्हती आणि गूळ द्यायला जीव होत नव्हता.

एक दिवस शिवकांताच्या नवऱ्यानं, शांतलिंगनं, मुंबईहून मागवलेली एक बाटली तिच्यापुढं ठेवली. आत काळपट हिरव्या गोळ्या.

"समुद्रातल्या शेवाळाच्या हायत. अंग उतरतं म्हणं ह्येनं."

तिनं झाकण काढलं आणि पदर नाकाला लावला. "अवो, लिंगायताच्या घरात ह्यो मासळीचा वास?"

"शेवाळच हाय ते, मासा न्हवं. बाळंतपणानं अंग सुटलंय तुझं. जरा बारीक झालीस तर लई बरी दिसशील."

आता नवरा असं गोड कधी बोलतो! बाई भुलली. सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी, आणि ताटात अर्धीच भाकरी. अंग उतरू लागलं खरं, पण छाती धडधडायची, हात कापायचे, आणि बाळ दूध ओढून ओढून शेवटी टाहो फोडायचं.

एकदा खडीवरून परतणारी बौद्धवाड्यातली भिमाबाई मीठ घ्यायला दुकानी आली. रडणं ऐकून आत डोकावली.

"अक्का, पोट भरंना लेकराचं. दूध आटलंय तुमचं. आमी उपाशी, आमचं आटलं तर नवल न्हाय. तुमच्या घरात काय कमी हाय?"

शिवकांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळाला कडेवर घेऊन ती नवऱ्याला हाक मारायला दुकानाच्या आतल्या दाराशी गेली, तर अप्पा लेकाला सांगत होते, "गोळ्या डबल कर. अमावास्या आली. जेवढी उतरंल तेवढा गूळ वाचतोय."

अस्सं होय! आणि ही येडी आरशात बघत होती! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बाटली आणली आणि बापलेकाच्या मधोमध उपडी केली.

"मामा, नवस तुमचा, मोठेपणा तुमचा, आन् उपाशी ऱ्हायचं माझ्या लेकरानं?"

"हळू बोल, गिऱ्हाईक हाय."

"ऐकू द्या की गिऱ्हाइकाला!"

त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या देखत पोटभर जेवू लागली. दूध परत आलं. उतरलेलं अंग मात्र अमावास्येपर्यंत काही भरून आलं नाही.

अमावास्येला देवळापुढं दुकानातला मोठा तराजू टांगला. शिवकांता बाळाला मांडीवर घेऊन पारड्यात बसली.

"लेकरू खाली दे," अप्पा म्हणाले. "नवस सुनेच्या भाराचा हाय."

"नवस बोललात तवा हे कुठं व्हतं, मामा? माझ्या पोटातच की. त्या दिवशीचा भार धरा. गोळ्या चारून जे माझ्या अंगावरनं उतरवलंत, ते ह्येच्याच तोंडचं व्हतं."

"बराबर हाय!" गर्दीतून आवाज उठला. अप्पांनी एरंडेल प्यायल्यागत तोंड केलं. ढेपांवर ढेपा चढल्या, दांडी सरळ झाली. लगेच अप्पांनी बाजूला ठेवलेली एक ढेप फोडून चिमूट चिमूट प्रसाद वाटायला घेतला आणि पारड्यातल्या ढेपा दुकानात न्यायची शांतलिंगला खूण केली.

"खबरदार!" शिवकांता कडाडली. "सगळा गूळ वाटून होऊस्तवर म्या हितनं हालत न्हाय. भिमाबाई, या पुढं."

भिमाबाई लांबच उभी होती. "अक्का, तुमच्या देवाचा नवस..."

"नवस देवाचा असंल, गूळ उसाचा हाय. लेकरं घिऊन या!"

शांतलिंगनं बापाकडं पाहिलं. मग बायकोच्या मांडीवरल्या पोराकडं पाहिलं. समोरच्या पारड्यातली एक अख्खी ढेप उचलून त्यानं भिमाबाईच्या पदरात घातली, तसं शिवकांताचं पारडं धाडकन जमिनीला टेकलं. मग गाव पुढं सरकलं. ढेपा फुटत राहिल्या, पोरांची तोंडं चिकट झाली, आणि शिवकांता पारड्यातच मांडी घालून बाळाला पाजत बसली.

अप्पा जवळ येऊन दातओठ खात पुटपुटले, "ऊठ आता. लोक बघायलेत."

"बघू द्या की," ती म्हणाली. "डोळं भरून बघू द्या. एवढी हाय मी!"