शेवटच्या ओळीतलं येरमाळा

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात दूध संघाचा चारा कोणत्या गावांना जायचा, ती यादी बब्रुवान टाइप करायचा. पूर्वी टाइपरायटरवर टाइप केल्यावर ओळीखाली पट्टी ठेवून तोच ती तपासायचा. आता तो ती संगणकावर टाइप करायचा, तिथं नव्यानं लागलेल्या तरण्या गुलाबचा सी भाषेतला प्रोग्राम यादी ओळीओळीनं वाचून ट्रकवाल्याचा कागद छापायचा, अन् साहेब गुलाबचंच कौतुक करायचे. बब्रुवान आतून जळायचा.

त्या सकाळी छापील कागदावर शेवटचं गाव, येरमाळा, नव्हतंच. बब्रुवान हरखला. जाऊ दे ट्रक, मग बघू कौतुक! पण ट्रक सुरू होताच उपाशी जनावरं डोळ्यांपुढं आली अन् तो ओरडला, "गुलाब, येरमाळा कुठं गेलं रं?"

गुलाबनं पडद्यावर पाहिलं. "काका, ओळ संपल्याची खूण सापडली की प्रोग्राम ती ओळ छापतो. आज येरमाळ्यानंतर तुम्ही एंटर दाबलंच न्हाय, मग खूण कुठली?"

"शेवटच्या ओळीनंतर टाइपरायटरमधून कागद काढतेत. आजवर चुकून दाबलं आसंल, पण दाबायलाच पायजे हे म्हाईत कुणाला?"

ओरडा ऐकून साहेब आले. "चूक कुणाची?"

"माझी," गुलाब म्हणाला. "खूण नसली तरी शेवटची ओळ वाचायला पायजे होती. काकांनी पकडलं."

ट्रक थांबवून येरमाळ्याचा चारा चढवला. साहेबांनी थाप मारली ती गुलाबच्याच पाठीवर. "चूक कबूल करायला मन मोठं लागतं."

ह्यापेक्षा गुलाबनं चुकीसाठी माझंच नाव सांगितलं असतं तर बरं, असं बब्रुवानला वाटलं.