वरवंट्याचं बारसं

सासूने मांडीवर वरवंटा ठेवला तेव्हा हेमालीला वाटलं, वाटण वाटायचंय. पण वरवंट्याला झबलं घातलेलं होतं.

कोलशेतच्या सुदेशशी लग्न होऊन तिला सहा वर्षं झाली होती, तरी पाळणा हलला नव्हता. तिचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टरांनी सुदेशला तपासणी करायला सांगितली, त्या दिवशी घरी आल्या आल्या त्याने तिच्या कानशिलात दिली. तेव्हापासून हात उचलायला त्याला निमित्त लागेनासं झालं. मग कुणीतरी मंजुळाला, म्हणजे सासूला, सांगितलं, वरवंट्याला पोटच्या पोरासारखं सांभाळा, मागोमाग खरं पोर येतं.

बारसं दणक्यात झालं. मांडव, बँजो, जेवणावळ. नाव ठेवलं दिपेश. कानात कुर्र करताना आत्याच अडली.

"आई, याचा कान कुठल्या बाजूला गो?"

भावकीत वाद पेटला. शेवटी दोन्ही टोकांना कुर्र केलं.

मग हेमाली त्याला तेल लावू लागली, न्हाऊ घालू लागली. सासरे गोमाजी त्याला कडेवर घेऊन खाडीवर होड्या दाखवायला न्यायचे. पोर शहाणं, कधी रडायचं नाही. "बापावर गेलाय," शेजारणी म्हणायच्या. हेमालीचा सुजलेला गाल मात्र कुणाला दिसायचा नाही. सुदेशला आता निमित्तंही मिळू लागली होती. पोराला उपाशी ठेवलंस, पोराला वारा लागला.

एका दुपारी तिच्या तेलकट हातातून दिपेश निसटला. फरशीवर आपटून टवका उडाला. सुदेशने तिचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. ओठ फाटला. मंजुळा हळदीचा डबा घेऊन धावली आणि वरवंट्याजवळ फतकल मारून बसली.

"आई, थोडी मला पण द्या."

"थांब गो, आधी पोराला."

हेमाली थांबली नाही. ओढणीने तोंड दाबून तिने रिक्षा केली आणि पोलीस ठाणं गाठलं. मागच्या रिक्षाने सगळं घर आलं, दिपेशला दुपट्यात गुंडाळून.

"म्याडम, आधी आमची तक्रार घ्या," मंजुळा म्हणाली. "हिने आमच्या पोराला पाडलं."

ड्युटीवरच्या विनिता हवालदारांनी दुपटं उघडून बघितलं. मग हेमालीचा ओठ बघितला.

"याचा बाप कोण?"

"मी," सुदेश छाती काढून म्हणाला.

"आणि बायकोला कोणी मारलं?"

"मीच! पोराला पाडल्यावर काय पूजा करू हिची?"

"बरं," विनिताबाई म्हणाल्या, आणि त्याचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं.

केस ठाण्याच्या कोर्टात चालू आहे. सुदेशला तिच्याजवळ फिरकायची मनाई झाली. हेमाली माहेरी मोहने गावात, आई आवडाबाईकडे आली. पण बसल्या जागी तिची मांडी आपोआप हलत राहायची.

"कोणाला निजवतेस गं?" आवडाबाईने विचारलं.

तोवर आईला फक्त मार माहीत होता. हेमालीने बाकीचंही सांगितलं. दोन्ही टोकांच्या कुर्रपाशी आवडाबाईला हसू फुटलं, मग हेमालीलाही. सहा वर्षांत ती अशी हसली नव्हती. आवडाबाईने पान वाढलं, सुकट आणि भात. हेमाली खाली मान घालून जेवली. तिने तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा आवडाबाई पातेलं आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.