फक्त शेवटची पानं

मी झेरॉक्सची मशीन बोलतेय. शिरूरला कॉलेजच्या रस्त्यावर सुरेखाताईंचं छोटं दुकान आहे, त्यात दारालगत बसलेली ती मीच. थोडं थांबत थांबत बोलेन. सुरू केल्यावर तापायलाच मला आता वेळ लागतो आणि मधेच कागद अडकतो, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आधी पुण्यातल्या एका ऑफिसात होते. तिथं गारवा होता, माणसं हळू बोलायची आणि महिन्याला एक जण येऊन माझी काच पुसून जायचा. मग त्यांनी नवी मशीन आणली आणि मला टेम्पोत चढवलं. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पो असा काही आदळला, की माझ्या आतल्या ड्रमला चरा पडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कॉपीवर उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ उमटते. सुरेखाताईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "असू दे. अक्षरावर तर येत न्हाई ना?" तेवढ्यावर मी या दुकानात नांदू लागले.

इथं आल्यावर मला माणसांच्या सवयी कळल्या. आधार कार्डाची कॉपी काढायला आलेला माणूस मूळ कार्ड माझ्या काचेवरच विसरतो. लग्नाच्या बायोडाटाची कॉपी सगळे दोनदा तपासतात, सातबाऱ्याची चारदा. पण दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर एम. ए.ची पोरं आली, की मला खरा थकवा येतो.

त्यांना वर्षअखेरीला एक प्रकल्प लिहावा लागतो. त्यात आधी आपल्या विषयावर कुणी काय लिहिलंय ते वाचायचं, पारखायचं आणि शेवटी वाचलेल्या पुस्तकांची, लेखांची यादी द्यायची, असा नियम. पोरं काय करायची? मागच्या वर्षीचा कुणाचा तरी प्रकल्प घेऊन यायची आणि काउंटरवर ठेवून म्हणायची, "ताई, फक्त शेवटची पानं काढा."

शेवटची पानं म्हणजे ती यादी. टाइप करायचाही कंटाळा. पानांचे आकडे व्हाइटनरनं खोडायचे, नवे घालायचे आणि पानं तशीच बाइंडिंगमध्ये सरकवायची. पुढच्या वर्षी त्या कॉपीची कॉपी. माझी रेघ दरवेळी जाड होत गेली आणि अक्षरं फिकी. काही लेखकांची आडनावं तर पार उडाली, तरी कुणाचं काही अडलं नाही. न वाचलेल्या पुस्तकांची नावं छापून छापून मी शिणले हो. दमायला निदान कामाचं तरी काही केलेलं असावं, असं मला फार वाटायचं.

करुणाही पहिल्यांदा आली ती तेच मागायला. ही मूळची दौंड तालुक्यातल्या राहू गावची. आई, ललिताबाई, शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगला. दोघी तिथंच एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. करुणाचा विषयही तोच होता, शिक्रापूरला खोल्या करून राहणाऱ्या कामगार बायका. तिनं शेवटची पानं काढून नेली आणि जोडीला त्या जुन्या प्रकल्पातलं एक पानही, त्यातलं एक वाक्य उतरवून घ्यायला. वाक्य असं होतं, की औद्योगिक भागात येणाऱ्या बायका नवऱ्याच्या नोकरीमागं येतात, स्वतःहून येत नाहीत. खाली एका जुन्या लेखाचा हवाला.

आठवड्याच्या सुट्टीला मायलेकी बाजारासाठी शिरूरला आल्या आणि दुकानात टेकल्या. ललिताबाईंनी करुणाच्या वहीतलं ते पान हातात घेतलं आणि बोट लावून वाचलं.

"नवऱ्याच्या मागं येत्यात म्हनं. करुणा, मी कुनाच्या मागं आले गं? तुला काखंत घेऊन एकटीच आले की!"

"आई, तू एकटी म्हंजी पुरावा न्हाई."

"पुरावा न्हाई? मग काय हाय मी?"

करुणानं पान आईच्या हातून काढून घेतलं. सुरेखाताईंनी उगाच माझा ट्रे उघडून कागद सारखे केले. पोरीच्या मनाला ते लागलं, हे मला काचेखालूनही कळलं. आई आयुष्यभर जे जगली ते आपणच आपल्या हातानं खोटं ठरवायचं का, हा प्रश्न तिला सुटेना.

ती तो जुना लेख शोधू लागली. कॉलेजच्या ग्रंथालयात नव्हता. गावातल्या वाचनालयात नव्हता. ज्यांनी ज्यांनी त्याचा हवाला दिला होता त्या जुन्या विद्यार्थ्यांना तिनं फोन केले. एक म्हणाला, "वाचला न्हाई, यादीत होता." दुसराही तेच म्हणाला. तिनं विभागाच्या कपाटातले प्रकल्प एकापुढं एक मांडून पाहिले आणि धावतच दुकानात आली.

"ताई, सगळ्यांच्या यादीवर उजवीकडं एकच काळी रेघ हाय! समद्या याद्या आपल्या मशीनच्या!"

सुरेखाताई ओशाळल्या. मी काय बोलणार? मी जे ठेवाल ते छापते.

तिचा वर्गमित्र सम्राट तिथंच उभा होता. त्यानं मोबाइलमधल्या एआयला विचारून भराभर तीस नावं काढली होती. लेखक, वर्ष, मासिक, सगळं टवटवीत. करुणानं त्यातली काही शोधून पाहिली. तसा लेखच काय, तसं मासिकही कुठं नव्हतं.

"आगं पण किती खरी वाटत्यात!" सम्राट कौतुकानं म्हणाला.

शेवटी पुण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात लेखाचा पत्ता लागला. ललिताबाईंनी सुट्टी टाकली आणि दोघी एसटीनं गेल्या. लेख खरा होता, लिहिणाराही प्रामाणिक होता. पण त्यानं दूरच्या एका गिरणगावात, चाळीस वर्षांपूर्वी, फक्त लग्न होऊन आलेल्या बायकांनाच विचारलं होतं. इतर ठिकाणी हे लागू होईलच असं नाही, असं त्यानं स्वतः लिहिलं होतं. हे पुढचं वाक्य कुणी उतरवलंच नव्हतं.

त्यानंतर करुणा एकेक लेख घेऊन यायची. कुणी लिहिलाय, कुठं जाऊन, किती जणींना विचारून, कशावरून म्हणतोय, हे समासात पेन्सिलीनं लिहायची. एकट्या येणाऱ्या बायकांवरचे नवे लेख तिला सापडले, तेही तिनं तसेच पारखून घेतले, आपल्या सोयीचे आहेत म्हणून सोडले नाहीत. मी पहिल्यांदाच अख्खे लेख छापत होते. अंग तापायचं, पण बरं वाटायचं.

पण वाचून झाले ते जेमतेम अकरा. गाईड सरांनी सही करायला नकार दिला. "तीस तरी पाहिजेत. बाहेरचे परीक्षक आधी शेवटची पानं बघतात." सही नाही म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर करुणाही आईच्या शेजारी पॅकिंगला उभी राहणार, हे घरात ठरलेलं होतं. ती दुकानात येऊन रडली. सुरेखाताईंच्या हातात जुन्या यादीची पानं होती. "लाव की गं ही. कोन बघतंय?"

करुणानं ती पानं घेतली आणि माझ्या शेजारच्या रद्दीत टाकली. मग तिनं वेगळंच केलं. स्वतःच्या यादीतल्या प्रत्येक नावाखाली दोन ओळी लिहिल्या. 'पूर्ण वाचला. एकाच गावाचा आहे, इथं वापरताना जपून.' 'फक्त सारांश वाचला, लेख मिळाला नाही.' 'सुट्टीच्या दिवशी आईबरोबर पुण्याला जाऊन वाचला.' सरांनी ते चाळलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "तुझ्या जबाबदारीवर." सही झाली.

करुणा पास झाली. सम्राटला तिच्याहून जास्त मार्क पडले. असं असतं ते. ती आता दौंडला एका संस्थेत कामाला आहे, पुढं शिकायचंही म्हणते.

यंदा परीक्षेच्या तोंडावर अनिता नावाची मुलगी आली. काउंटरवर करुणाचाच प्रकल्प ठेवला आणि म्हणाली, "ताई, फक्त शेवटची पानं काढा."

अडवावं म्हटलं, पण नेमका त्या दिवशी कागदही अडकला नाही. सुरळीत निघाली सगळी पानं. त्या पोरीनं ती न वाचताच तशीच्या तशी प्रकल्पाला लावली.

दोन दिवसांनी ती परत आली, कानापर्यंत लाल होऊन. सरांनी भर वर्गात विचारलं होतं, "अनिता, आईबरोबर पुण्याला कवा गेलीस? आन् हा लेख जपून वापर म्हणतेस, जपून म्हंजी कसा?" सगळा वर्ग हसला होता. तिची आई दौंडला बाजारात भाजी विकते, पुण्याला कुठली जातेय.

मी म्हटलं, आता ही मोबाइलकडं वळणार. दुकानात माझं कामही तसं संपतच आलंय. उद्या भंगारवाला मला न्यायला येतोय, सुरेखाताईंनी कालच बोलणी केली. ड्रम पार गेलाय, रेघ आता बोटभर रुंद झालीय. वाईट एवढंच वाटत होतं, की जाताना हातून पुन्हा तेच काम झालं.

अनिता बराच वेळ त्या प्रकल्पाची पानं उलटत उभी राहिली. यादीतल्या एका नावाखालच्या दोन ओळी वाचल्या, परत मागं गेली. मग तिनं तो माझ्या काचेजवळ सरकवला.

"काय काढू? शेवटची पानं?" सुरेखाताईंनी विचारलं.

"न्हाई ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्यापासून काढा. सगळा. वाचायचाय."

मी तापायला लागले.